कॅन्सरला हात न लावणारं कॅन्सरचं औषध: जेम्स ॲलिसन आणि टी पेशींची वेसण

वैजयंती_मिरज

गेल्या वर्षी माझ्या मोठ्या भावाला किडनीच्या कॅन्सरसाठी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारा उपचार, सुरू झाली. किडनी आधीच काढली होती, पण वर्षभरात फुफ्फुसात ठिपके दिसले. डॉक्टरांनी इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब अशी दोन औषधं लिहून दिली. पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी वीस वर्षं काढली, अँटिबॉडी हा माझा रोजचा शब्द. तरी ही नावं वाचून मला काही उमगलं नाही. डे केअरमध्ये सलाईन लावलं, औषध पाण्यासारखं नितळ, दादाला उलटी नाही, केस शाबूत. वहिनीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "खरंच औषध देतायत ना?"

बारा आठवड्यांनी पहिला स्कॅन झाला. सगळ्यांत मोठा ठिपका १.४ सेंटिमीटरचा होता, तो १.९ झाला. रिपोर्ट मीच आधी वाचला आणि फाइल बंद करून जिन्यात बसले. डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही ठरवायला नको, सहा आठवडे जाऊ द्या. घरात मात्र दोन तट पडले. काकांचं म्हणणं, गाठ वाढतेय तर पैसे कशाला घालवायचे, आयुर्वेद बघू. ते सहा आठवडे मी रात्री जागून या औषधाचा जन्म कुठे झाला ते वाचत बसले. जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे, कारण त्या जिन्यात बसले असताना मला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

इपिलिमुमॅब ही अँटिबॉडी, म्हणजे एका ठरावीक लक्ष्याला जाऊन चिकटणारं प्रथिन. पण ती कॅन्सरच्या पेशीला शिवतही नाही. ती जाऊन बसते आपल्याच टी पेशीवर, म्हणजे शत्रू ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशीवर.

हे ज्याच्या डोक्यातून निघालं तो जेम्स ॲलिसन १९४८ साली टेक्सासमधल्या ॲलिस नावाच्या छोट्या गावात जन्मला. वडील गावचे डॉक्टर. आई लिम्फोमानं (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरनं) गेली तेव्हा हा शाळकरी पोर होता. पुढे २००५ मध्ये भाऊही प्रोस्टेटच्या कॅन्सरनं गेला. शाळेत जीवशास्त्राच्या तासाला उत्क्रांती शिकवत नाहीत म्हणून यानं त्या तासाला बसायचंच नाकारलं आणि विद्यापीठाचा पत्राद्वारे चालणारा कोर्स करून तो विषय पुरा केला. हा हट्ट पुढे फार कामाला आला असं मला वाटतं. घरात एवढा कॅन्सर असूनही तो 'कॅन्सर बरा करायचा' म्हणून संशोधनात शिरला नव्हता. त्याला टी पेशीचं वेड होतं. ही पेशी शत्रू ओळखते कशी? १९८२ मध्ये त्यानं टी पेशीवरचा ओळख पटवणारा रेणू शोधून दाखवला आणि मग कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात गेला.

तिथे कळत गेलं की नुसत्या ओळखीनं टी पेशी हलत नाही. बैल जुंपला म्हणून लगेच चालत नाही, हाकारा द्यावा लागतो. तो हाकारा म्हणजे सीडी-२८ नावाचा दुसरा रेणू. त्याच्यासारखाच दिसणारा आणखी एक रेणू टी पेशीवर होता, सीटीएलए-४. त्याचा शोध १९८७ मध्ये फ्रान्समधल्या एका गटानं लावला होता. दिसायला सारखा म्हणून बऱ्याच जणांनी धरून चाललं की हाही हाकाराच असणार. ॲलिसनच्या प्रयोगशाळेत मॅक्स क्रमेल या विद्यार्थ्यानं काम केलं तेव्हा उलटंच दिसलं. शिकागोचे जेफ्री ब्लूस्टोनही त्याच निष्कर्षाला आले. हा हाकारा नव्हे, ही वेसण आहे. टी पेशी चालू पडली की थोड्या वेळानं हा रेणू तिच्या पृष्ठभागावर येतो आणि तिला आवरतो. १९९५ मध्ये या रेणूचा जीन काढून टाकलेले उंदीर तयार झाले, ते तीन-चार आठवड्यांत मेले. टी पेशी बेफाम वाढून त्यांच्या हृदयात, यकृतात, सगळीकडे शिरल्या होत्या. वेसण किती गरजेची आहे ते त्या पिल्लांनी दाखवलं.

दुसऱ्या प्रयोगशाळांना यात संधिवातासारख्या आजारांवरचं औषध दिसत होतं, म्हणजे वेसण आवळायची. ॲलिसनला वाटलं, थोड्या काळासाठी सैल सोडली तर?

१९९४ सालचा डिसेंबर. डेना लीच या त्याच्या सहकाऱ्यानं उंदरांना कॅन्सरच्या पेशी टोचल्या आणि काहींना सीटीएलए-४ झाकून टाकणारी अँटिबॉडी दिली. ती अँटिबॉडी हॅमस्टरमधून तयार केलेली होती. ज्यांना ती दिली त्यांच्या गाठी विरघळल्या. ॲलिसनचा विश्वास बसेना, प्रयोग लगेच पुन्हा कर म्हणाला. लीचचं नाताळच्या सुट्टीचं तिकीट काढलेलं. तेव्हा ठरलं, लीचनं इंजेक्शनं देऊन निघायचं आणि गाठी ॲलिसननं स्वतः मोजायच्या, कुठल्या पिंजऱ्यात काय दिलंय ते न कळता. सुट्टीत ओस पडलेल्या इमारतीत तो एकटा जाऊन मोजत राहिला. पहिले काही दिवस सगळ्या पिंजऱ्यांत गाठी वाढतच होत्या. तो निराश झाला. मग काही पिंजऱ्यांतली वाढ थांबली. मग गाठी आक्रसायला लागल्या. मग गेल्या.

हे वाचताना माझ्या मांडीवर दादाची फाइल होती.

तो शोधनिबंध १९९६ च्या मार्चमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यानंतर औषध करायला कंपनी शोधण्यातच दोनेक वर्षं गेली. कॅन्सरवर प्रतिकारशक्तीचे उपाय तोवर इतक्यांदा फसले होते की कोणी दारात उभं करेना. शेवटी मेडारेक्स ही लहानशी कंपनी पुढे आली. त्यांच्याकडे निल्स लॉनबर्ग यांनी घडवलेले असे उंदीर होते की ज्यांच्या शरीरात माणसाचीच अँटिबॉडी तयार होते. उंदराची अँटिबॉडी माणसाला दिली तर शरीर तिच्यावरच उठतं. ती अडचण तिथे सुटली.

आता माझ्या मते या सगळ्यातला खरा नाट्यमय भाग. चाचण्या सुरू झाल्या तेव्हा हातातली फूटपट्टी केमोची होती. इतक्या आठवड्यांनी गाठ इतकी लहान झाली तर औषध चाललं, वाढली तर पडलं. पण इथे औषध गाठीवर जातच नाही. टी पेशी जाग्या होणार, वाढणार, गाठीत शिरणार. त्यांची गर्दी झाली की स्कॅनवर गाठ मोठीही दिसू शकते. फायझरच्या याच जातीच्या अँटिबॉडीची, ट्रेमेलिमुमॅबची, चाचणी २००८ मध्ये मधल्या आकडेवारीवरूनच थांबवली गेली. इपिलिमुमॅबवाल्यांनी मात्र चाचणी चालू असताना मोजमापच बदललं. गाठ किती कमी झाली हे नको, माणूस किती जगला ते मोजू. २०१० मध्ये ६७६ रुग्णांचे निकाल आले. पसरलेला मेलानोमा (त्वचेचा एक कॅन्सर), आधीचे उपचार हरलेले. तुलनेसाठी नुसती कॅन्सरवरची एक प्रायोगिक लस दिलेल्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण निदान इतके जगले) ६.४ महिने, इपिलिमुमॅब मिळालेल्यांचं सुमारे १० महिने. या आजारात आयुष्य वाढल्याचं एवढ्या मोठ्या चाचणीत पहिल्यांदाच दिसलं. २५ मार्च २०११ ला अमेरिकेत मान्यता मिळाली. २०१८ मध्ये नोबेल.

साडेतीन महिने ऐकायला थोडे वाटतात. पण किती जण जिवंत राहिले त्या आलेखाची शेपूट बघा. पुढे १८६१ रुग्णांची माहिती एकत्र केली तेव्हा दिसलं की तीन वर्षांनंतर रेषा आडवी होते, सुमारे २१ टक्क्यांवर, आणि दहा वर्षांपर्यंत जवळपास तशीच चालते. म्हणजे जे तिथवर पोहोचले ते बहुतेक राहिले. लॅबमध्ये इतके आलेख बघितले, पण पसरलेल्या कॅन्सरमध्ये अशी आडवी रेषा मी कधी पाहिली नव्हती.

दादाचं सांगते. दुसऱ्या स्कॅनमध्ये मोठा ठिपका १.९ वरच थांबला होता, बारीक दोन दिसेनासे झाले. त्यानंतरच्या स्कॅनला मोठा ०.८. औषधांच्या दुष्परिणामानं थायरॉइड मात्र कायमचं गेलं, रोज सकाळी गोळी आहे.

---

अनिरुद्ध_ब

ताई, लेख मनापासून आवडला. पण होंजो कुठे आहेत? नोबेल दोघांना मिळालं आणि तुमच्या दादांच्या दोन औषधांतलं दुसरं, निवोलुमॅब, त्यांच्या कामातून आलं.

तासुकू होंजो, क्योतो विद्यापीठ. त्यांच्याकडे १९९२ मध्ये पीडी-१ सापडला, तोही टी पेशीवरचाच रेणू. हा काय करतो ते कळायला बरीच वर्षं गेली. त्यांनीही जीन काढलेले उंदीर केले, पण ते तीन आठवड्यांत मेले नाहीत. कित्येक महिन्यांनी त्यांना ल्युपससारखा, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार व्हायला लागला. म्हणजे हीही वेसणच, पण हळू हाताची. आणि त्यातच तिचा मोठेपणा आहे. सीटीएलए-४ टी पेशीला मुख्यतः सुरुवातीलाच, लसिका ग्रंथींत आवरतो. पीडी-१ आवरतो तो प्रत्यक्ष रणात, गाठीपाशी. कॅन्सरची पेशी स्वतःच्या अंगावर पीडी-एल१ नावाचा रेणू काढते आणि आलेल्या टी पेशीची वेसण स्वतःच ओढून धरते. तुमच्याच दाखल्यात सांगायचं तर चोर बैलाच्या नाकातली दोरी धरून उभा आहे. निवोलुमॅब त्याच्या हातातून दोरी सोडवतं.

दुष्परिणाम कमी आणि उपयोग जास्त प्रकारच्या कॅन्सरमध्ये, म्हणून आज पीडी-१ ची औषधं जास्त वापरात आहेत. निवोलुमॅबला जपानमध्ये २०१४ च्या जुलैत मान्यता मिळाली, जगात सगळ्यांत आधी. दोन्ही एकत्र दिल्यावर मेलानोमात दहा वर्षांनी ४३ टक्के रुग्ण जिवंत होते. नुसत्या इपिलिमुमॅबवर १९ टक्के.

---

वैजयंती_मिरज

अनिरुद्ध, बरोबर आहे तुमचं. मी ॲलिसनच्या नाताळाच्या गोष्टीत इतकी गुंतले की होंजो राहूनच गेले. चोराच्या हातातली दोरी हे फार नेमकं सांगितलंत, वहिनीला आता असंच सांगेन.

---

बायोप्लांट_पुणे

मी अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लांटमध्ये बारा वर्षं आहे (कॅन्सरच्या नाही, दुसऱ्या आजारांच्या, पण कृती तीच). ताईंनी हॅमस्टरचा उल्लेख केला म्हणून लिहावंसं वाटलं. आजही आमचं सगळं हॅमस्टरवरच चालतं. चायनीज हॅमस्टरच्या अंडाशयातल्या पेशी, आम्ही त्यांना 'चो' पेशी म्हणतो. त्यांच्यात अँटिबॉडीचा जीन घालायचा आणि वाढवायच्या. सुरुवात एका छोट्या व्हायलपासून. ती गोठवलेली व्हायल द्रव नायट्रोजनमधून काढताना अजूनही माझा हात जड होतो. त्यातून फ्लास्क, मग त्याहून मोठा, मग हजारो लिटरचा स्टीलचा टँक. दोनेक आठवडे त्यांना खाऊ घालायचं, तापमान, प्राणवायू, आम्लता रात्रंदिवस बघायची. रात्रपाळीला टँकचा आलेख वाकडा झाला की घरी लेकरू तापलंय अशी घालमेल होते. मग गाळणं. प्रोटीन-ए चा कॉलम अँटिबॉडी तेवढी धरून ठेवतो, बाकी वाहून जातं. मग विषाणू मारायचे, गाळायचे, पुन्हा दोन कॉलम, तपासण्या. शेवटी ते नितळ पाणी उरतं जे तुमच्या वहिनींना औषध वाटलं नाही.

हे नाजूक प्रथिन आहे, म्हणून व्हायल २ ते ८ अंशांतच ठेवायची, गोठवायची नाही आणि जोरात हलवायची तर अजिबात नाही. फेस आला की प्रथिनाची घडी मोडते.

एक गोष्ट बहुतेक लेखांत नसते. अँटिबॉडीचा आकार इंग्रजी वायसारखा. वरचे दोन हात लक्ष्य धरतात आणि खालचा दांडा बाकीच्या सैन्याला बोलावतो, 'ही पेशी मारा' म्हणून. लिम्फोमावरच्या रिटुक्सिमॅबसारख्या औषधात आपल्याला तेच हवं असतं. निवोलुमॅब तर आपल्याच टी पेशीवर बसणार. दांड्यानं सैन्य बोलावलं तर जिला मोकळं करायचं तीच मरेल! म्हणून त्याचा दांडा मुद्दाम सौम्य जातीचा, आयजीजी-४ निवडला आणि तो मध्येच सुटू नये म्हणून त्यात एक अमिनो आम्ल बदललं. इपिलिमुमॅबचा दांडा मात्र आयजीजी-१, आक्रमक जातीचा. तो माणसात नेमकं काय काय करतो यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

---

भास्करकाका

सर्वांचे आभार, या वयात एवढं समजावून कोणी सांगत नाही. एक शंका. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर वारंवार येतं की अमेरिकेत एका औषधानं कॅन्सर शंभर टक्के बरा झाला, सगळेच्या सगळे रुग्ण. हे तेच का? खरं की खोटं?

---

अनिरुद्ध_ब

काका, बातमी खरी आहे, तिच्यावरचा मथळा चुकीचा. ते औषध डोस्टारलिमॅब, पीडी-१ झाकणारीच अँटिबॉडी. २०२२ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयानं गुदाशयाच्या कॅन्सरचे निकाल छापले. उपचार पुरे झालेल्या पहिल्या बाराही रुग्णांची गाठ पूर्ण गेली, ऑपरेशन नाही, रेडिएशन नाही.

पण हे रुग्ण निवडलेले होते. त्यांच्या गाठींत डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच मोडलेली होती. अशा गाठीत चुका साचत जातात, विचित्र प्रथिनं तयार होतात आणि टी पेशीला ती लगेच परकी दिसतात. वेसण सोडली की बैल सुसाट. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये असे रुग्ण शंभरात पाच ते दहा. पुन्हा त्यांचा आजार पसरलेला नव्हता. म्हणून मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर निघाला की ही यंत्रणा शाबूत आहे का ते बघणारी 'एमएमआर' किंवा 'एमएसआय' तपासणी झाली का, एवढं जरूर विचारा. साठवलेल्या बायोप्सीवर होते.

---

स्पष्ट_बोलते

मी थोडं वेगळं लिहिणार आहे, कुणाला बोचलं तर माफ करा.

माझ्या वडिलांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. एका मोठ्या खाजगी रुग्णालयात (नाव लिहीत नाही) आम्हाला सांगितलं, इम्युनोथेरपी घ्या, नोबेल मिळालेलं औषध आहे. कुठली तपासणी नाही, काही नाही. दर तीन आठवड्यांना लाखांत बिल. बाबांनी विहिरीजवळचं दीड एकर विकायला काढलं. दुसऱ्या डॉक्टरांनी एमएसआयची तपासणी करून स्वच्छ सांगितलं की या प्रकारात याचा उपयोग होण्याची आशा जवळपास नाही. जमीन वाचली. बाबा चार महिन्यांनी गेले, पण घरी, सगळ्यांत.

ताई, तुमच्या दादांचं बरं झालं याचा खरोखर आनंद आहे. पण 'गाठ वाढली तरी थांबा' हे वाचून कुणी तरी घर विकून थांबेल. २१ टक्क्यांची रेषा आडवी चालते, पण तिच्या वर ७९ टक्के आहेत. त्यांचंही या धाग्यात यायला हवं.

---

वैजयंती_मिरज

तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. बाबांचं वाचून वाईट वाटलं.

माझ्या लेखात हे ठळक यायला हवं होतं, आता लिहिते. गाठ वाढली तर बहुतेक वेळा ती खरोखरच वाढलेली असते. आधी फुगून मग आक्रसणाऱ्या गाठी शंभरात दहाहूनही कमी. आमच्या डॉक्टरांनी थांबायला सांगितलं ते दादाचं वजन वाढत होतं, खोकला कमी झाला होता, रक्ताचे रिपोर्ट सुधारत होते म्हणून. आणि तेही फक्त सहा आठवडे. माणूस खंगत असेल तर थांबण्यात अर्थ नाही. स्वादुपिंड, बहुतेक प्रोस्टेट, मेंदूतल्या मूळच्या गाठी, इथे ही औषधं अजून फारशी चालत नाहीत. अशा गाठींत टी पेशी पोचतच नाहीत. बैलच नसेल तर वेसण सोडून काय होणार?

---

डेकेअर_सिस्टर

मी मुंबईत ऑन्कोलॉजी डे केअरला आहे. स्पष्ट_बोलते यांच्या पैशांच्या मुद्द्यावर एक महत्त्वाचं.

टाटा मेमोरियलमध्ये डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश यांच्या गटानं डोके-मानेच्या कॅन्सरवर अगदी कमी मात्रेचं निवोलुमॅब वापरून पाहिलं. एरवीचा डोस दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. यांनी दिलं तीन आठवड्यांना २० मिलिग्रॅम! सोबत तोंडावाटे घ्यायच्या तीन स्वस्त गोळ्या, मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब. १५१ रुग्ण. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगलेले सुमारे १६ टक्के, निवोलुमॅब जोडल्यावर ४३ टक्के. २०२३ मध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजी'त छापून आलं. यामागचा विचार असा की टी पेशीवरचे पीडी-१ झाकायला मुळात फार औषध लागतच नाही, त्यापुढे डोस वाढवून फायदा त्या प्रमाणात वाढत नाही.

त्याच निबंधात लिहिलंय की या कॅन्सरची मान्यताप्राप्त औषधं गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १ ते ३ टक्के रुग्णांनाच परवडतात. तंबाखू, गुटखा, मिश्रीनं गाल, जीभ, हिरडी गेलेली माणसं मी रोज बघते. ॲलिसननं वेसण सोडून दाखवली, पण ती दोरी आमच्या पेशंटच्या हाताला लागेल एवढी खाली या लोकांनी आणली. मला त्याचं अप्रूप तितकंच आहे.

आता दुष्परिणाम. 'केस गेले नाहीत म्हणजे औषध साधं' असं कृपया समजू नका. टी पेशी मोकळ्या झाल्या की आतडं, त्वचा, यकृत, फुफ्फुस, थायरॉइड, पिट्युटरी, कशावरही जाऊ शकतात. ताईंनी सांगितलेल्या २०१० च्या चाचणीत औषधांमुळे १४ मृत्यू झाले होते, त्यातले ७ याच प्रकारचे. दिवसातून नेहमीपेक्षा चार-पाच वेळा जास्त जुलाब, नवा कोरडा खोकला, दम, अतोनात थकवा, डोकेदुखी, डोळे पिवळे, यातलं काहीही झालं तर वाट बघायची नाही. स्टेरॉइड वेळेत सुरू झालं तर बहुतेक जण सावरतात. आतड्याचा दाह स्टेरॉइडनंही नाही आटोक्यात आला तर आम्ही इन्फ्लिक्सिमॅब देतो. तीही अँटिबॉडीच. एका अँटिबॉडीनं पेटवलेलं दुसरी शमवते.

गल्लीतल्या डॉक्टरांकडे जुलाबासाठी गेलात तर इम्युनोथेरपी चालू आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. औषध बंद करून कित्येक महिने झाले असले तरी सांगा. ते साधा पोटाचा संसर्ग समजून गोळी देतात आणि दोन मोलाचे दिवस जातात.

---

मेधा_लंडन

सिस्टर, +१. वेसण सोडणं आणि बैलाला पराणी टोचणं यातला फरक इथे लंडनमध्ये २००६ च्या मार्चमध्ये दिसला होता. नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात टीजीएन-१४१२ नावाच्या अँटिबॉडीची पहिली मानवी चाचणी झाली. ही सीटीएलए-४ वर बसणारी नव्हती, सीडी-२८ वर, म्हणजे ताईंच्या भाषेत थेट हाकारा देणारी. सहा धडधाकट तरुणांना ती दिली आणि दीड-दोन तासांत सहाही जण कोसळत गेले. अंगातल्या टी पेशी एकदम उठल्या. सगळे अतिदक्षता विभागात गेले, सुदैवानं सगळे वाचले. डोस प्राण्यांना चाललेल्या मात्रेच्या कितीतरी पट कमी होता. त्यानंतर पहिल्या मानवी चाचण्यांचे नियम बदलले. आता एका वेळी सगळ्यांना देत नाहीत, आधी एकालाच देऊन वाट बघतात.

ॲलिसनच्या पत्नी पद्मनी शर्मा यांचाही उल्लेख व्हावा. गयानातल्या भारतीय वंशाच्या कुटुंबातल्या, स्वतः ऑन्कोलॉजिस्ट आणि इम्युनॉलॉजिस्ट. ऑपरेशनच्या आधी रुग्णाला ही औषधं द्यायची आणि काढलेल्या गाठीत टी पेशींचं काय झालं ते थेट बघायचं, ही पद्धत त्यांनी नेटानं पुढे नेली.

---

तळवळकर_राजा

सगळा धागा दोनदा वाचला. आईला हिरडीचा कॅन्सर आहे, ऑपरेशन झालं होतं, आता मानेत परत आलाय. चाळीस वर्षं मिश्री लावायची. सिस्टरनी लिहिलंय तशीच कमी डोसची ट्रीटमेंट सांगितली आहे, तीन गोळ्या आणि २० मिलिग्रॅमचं सलाईन. आम्हाला वाटलं होतं गरीब बघून थोडंसं औषध देतायत. काल रात्रीपर्यंत तसंच वाटत होतं.

आम्ही गावी असतो, रुग्णालय अडीच तासांवर. रात्री-अपरात्री जुलाब लागले तर काय करायचं?

---

डेकेअर_सिस्टर

राजादादा, थोडंसं म्हणून देत नाहीत, तेवढ्यानं होतं म्हणून देतात. आईंनाही असंच सांगा.

पहिल्या डोसच्या दिवशी डे केअरमधून रात्री चालणारा फोन नंबर मागून घ्या आणि फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. खाली औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख. तुमच्या गावच्या डॉक्टरांना ते पान आधीच दाखवून ठेवा, आजारी पडल्यावर नाही. पातळ शौच चारच्या वर गेली की फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. तोवर मीठ-साखरेचं पाणी चालू ठेवा. मनानं जुलाब थांबवायची गोळी देऊन सकाळची वाट बघू नका. आणि मिश्री घरातून काढून टाका, डबीसकट.

---

तळवळकर_राजा

मंगळवारी पहिला डोस आहे. पान आत्ताच लिहिलं, नंबराची जागा मोकळी ठेवली आहे. डबी आईनंच कालच्या कालच परड्यात फेकली, मी बघितलं.